शोभाताईची ओवाळणी

"देव बघून घेईल," असं कुणी म्हटलं की मला आजही हसू फुटतं, कारण लगेच शोभाताईचा आवाज कानात येतो. "देवाला काहून माझ्या कामाला लावता? त्याला लई कामं हायेत. माझं मी बघते." हे ती कुठंही म्हणायची. भाजीवाल्यानं पिशवीच्या तळाला सडकी वांगी घातली तरी, आणि सख्ख्या दिरानं बांधावर उभं राहून शिवी दिली तरी. आणि नुसतं म्हणून थांबायची नाही. बघायची म्हणजे पुरतं बघायची.

मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत बिलिंगला होते तेव्हाची ही गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिथं माझ्या मैत्रिणी अजून कामाला आहेत. ज्याच्यामुळं हे सगळं घडलं, त्या माणसाचं नाव मात्र सांगणार आहे. त्याला तोंड लपवायची गरज वाटली नाही, तर मी कशाला त्याच्यावर पांघरूण घालू?

शोभाताई, म्हणजे शोभा गाडेकर, लॅबमध्ये होती. कपाशीचं, मक्याचं बी ओल्या कागदावर ओळीनं मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात ठेवायची आणि चार-सहा दिवसांनी उघडून किती उगवलं ते बघायचं, हे तिचं काम. अंगानं ठेंगणी, रंगानं काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढी टिकली. टिकलीवरून बायका कुजबुजायच्या, कारण नवऱ्यानं तिला टाकलेली होती. तिच्या कानावर गेलं की ती सरळ त्या बाईसमोर जाऊन उभी राहायची. "त्यानं मला न्हाई टाकलं, म्या त्याला टाकलं. तो लोकायला उलटं सांगत फिरतो. अजून काय विचारायचंय?" समोरचीला पदर सावरत पळता भुई थोडी व्हायची. जालन्यात एक खोली भाड्यानं घेऊन ती लेकीसोबत राहायची. लेक कोमल, नर्सिंगला होती. कोमलची फी, खोलीचं भाडं, दोघींचं पोट, सगळं त्या लॅबच्या पगारावर चाललेलं.

लॅबमध्ये तिच्यासमोर एक शब्द काढायची सोय नव्हती. "जाऊ दे." कुणी चुकून म्हणालंच, "जाऊ दे ना ताई," की ती हातातला चिमटा खाली ठेवायची. "कुठं जाऊ दे? अन कुणी जाऊ दे? त्यानं करायचं अन म्या जाऊ द्यायचं, असं कोणच्या पोथीत लिहिलंय?"

पण ती तडकाफडकी भांडणारी बाई नव्हती बरं का. मी आहे तशी. माझं डोकं फिरलं की मी तिथल्या तिथं बोलून मोकळी होते आणि संध्याकाळी रडत बसते. शोभाताईचं तसं नाही. जेवताना डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर घालत ती मला शिकवायची, "वैशे, राग ताजा खाऊ न्हाई. पोट बिघडतं. लोणच्यावानी मुरू द्यावा, मंग काढावा." आणि तिचं मुरलेलं लोणचं मी दोन-तीनदा डोळ्यांनी बघितलंय.

तिचं माहेर वाटूर. सुट्टीला ती काळ्यापिवळ्या जीपनं जायची, एकदा मीही गेल्ते तिच्यासोबत. जीपचा ड्रायव्हर आतला आरसा खाली वाकवून मागच्या बायकांकडं बघत चालवत होता. आम्ही सगळ्या आपल्या पदर ओढून, माना वळवून बसलेल्या. शोभाताई तेवढी आरशाकडंच बघत बसली. वाटूर फाट्यावर गाडी थांबली, ड्रायव्हर पुढच्या सवाऱ्या ओरडायला खाली उतरला, तशी ही उठली, आरसा दांडीसकट पिरगाळून काढला आणि पिशवीत टाकला. तो आला, बघतो तर आरसा नाही. "माझा आरसा कुणी घेतला?" "म्या घेतला," ही म्हणाली. "तुझं घर कुठंय सांग. तुझ्या बायकोच्या हातात देते, अन कशाला काढला ते बी सांगते." त्यानं भाडं न घेताच गाडी हाणली. तो आरसा तिनं खोलीत खिळ्याला टांगला होता. कोमल त्यात बघून भांग पाडायची.

दुसरी गोष्ट तिच्या परतूरच्या जावेची. जावेच्या घरी वास्तुशांत होती. आलेल्या सगळ्या सवाष्णींच्या ओट्या भरल्या आणि शोभाताईसमोर आल्यावर जावेनं ताट पुढच्या बाईकडं वळवलं. का, तर ही टाकलेली. चारचौघींत झालं हे. शोभाताई हूं की चूं न करता जेवून आली. पुढं काही वर्षांनी त्याच जावेचा मुलगा बारावीनंतर जालन्यात क्लासला आला आणि राहायची सोय होईना, तेव्हा जाऊबाई आली हिच्या दारात. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. छे! पोराला ठेवून घेतलं. दोन वेळचं खाऊ घातलं, तापात रात्रभर उशाशी बसली. मात्र घरी कुणीही आलं, गॅसवाला आला तरी, ती पोराची ओळख करून द्यायची, "हा माझ्या जावेचा लेक. तिनं माझी ओटी भरली न्हाई, पण पोरगं गुणाचं हाय." दोन वर्षं! पोरगं स्वतःच शेवटी आईला म्हणालं, "आई, तू येऊन काकूची ओटी भर बाई, माझ्यानं आता ऐकवत न्हाई." आली. खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. शोभाताईनं पदर पसरून ओटी घेतली आणि जावेच्या पाया पडली. अशी बाई.

अशा बाईच्या वाटेला सुरेश बोराडे गेला. त्याला म्हणतात विनाशकाले विपरीत बुद्धी.

बोराडे आमच्या प्लॅन्टचा मॅनेजर. चाळिशीचा, केस काळे केलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. शेठच्या मर्जीतला. त्याचं सुरू झालं ते मोबाईलवरच्या गुलाबाच्या फुलांनी. शुभ सकाळ, शुभ रात्री, जेवण झालं का. पॅकिंगच्या अर्ध्या बायकांना ती फुलं यायची. कुणी हसून टाकायची, कुणी नवऱ्याला दिसायच्या आत पुसायची. शोभाताईनं एकदाच उत्तर दिलं, "साहेब, कामाचं असंल तर पाठवा. फुलं बायकोला पाठवा." झालं, त्याला ते झोंबलं.

ऐन खरिपाच्या घाईत, सगळा प्लॅन्ट दिवसरात्र चालू असताना, त्यानं तिला बियाण्याच्या एका लॉटच्या उगवणीचा निकाल घेऊन केबिनमध्ये बोलावलं. ती आत गेली, त्यानं उठून दार लावलं, निकालाचा कागद बाजूला ठेवला आणि तिचा हात धरला. "एकटी बाई, कशाला एवढी ताठ्यात राहतेस?" म्हणाला. तिनं हात सोडवून घेतला आणि बाहेर आली. माझ्या टेबलाशी येऊन पाणी मागितलं. ग्लास रिकामा केला आणि झालेलं सगळं मला सांगितलं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात अशी आग गेली की मी पेपरवेट उचलून केबिनकडं निघालेच होते. तिनं माझं मनगट धरलं. "ठिव ते. काच फुटंल, अन भरपाई तुझ्या पगारातून कापतील."

दुसऱ्या दिवसापासून तिची लॅब गेली. "निकाल चुकीचे येऊन राह्यले," असं बोराडेनं शेठला सांगितलं आणि तिला गोदामात पाठवलं. तिथं औषध लावलेल्या बियाण्याची थप्पी. गुलाबी भुकटी नाकातोंडात जायची, खोकून खोकून तिचे डोळे लाल व्हायचे. सोबत सगळे हमाल, बाई ही एकटीच. शिवाय बोराडेचा चेला गणेश याला-त्याला सांगत फिरायचा की बाईच तसली आहे, साहेबानं दाद दिली नाही म्हणून गोदामात फेकली. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. गोदामातून बायका स्वतःच काम सोडून जातात, हे बोराडेला पक्कं माहीत होतं. आधीच्या दोघी तशाच गेल्या होत्या.

शोभाताई गेली नाही. एक दिवस गुलाबी हातांनीच माझ्यासमोर येऊन बसली. "वैशे, अर्ज टाइप कर. आता त्याची नोकरी जाईल न्हाईतर माझी. दोघं एका छपराखाली न्हाई राहत आता."

अर्जाची तर गंमतच झाली. मी आपली शुद्ध भाषेत टाइप करायला लागले, "माननीय अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती..." ती मागून सांगते, "लिही, तो मेला बोराडे."

"ताई, अर्जात मेला नसतो लिहायचा."

"काहून? मेलाच हाय तो."

"अगं, मेला लिहिलं तर मेल्यावर कारवाई कशी करतील?"

तेव्हा कुठं ती हसली. किती दिवसांनी हसली. मग मात्र एक-एक गोष्ट सांगत गेली आणि मी लिहीत गेले. दार लावलं, हात धरला, काय बोलला, गोदामात पाठवलं. मधेच माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणते, "रडू नको, कीबोर्ड खराब होईल."

अर्ज झाला. द्यायचा कुणाला? तर ऑफिसच्या भिंतीवर बायकांच्या तक्रारींसाठीच्या या समितीचा एक बोर्ड होता, घड्याळाखाली. इतकी वर्षं मी त्याखालून ये-जा केली, पण वाचला त्या दिवशी. अध्यक्ष म्हणून शेठच्या मेहुणीचं नाव, ती राहते पुण्यात, प्लॅन्टला कधी पाय लावलेला नाही. एक सदस्य बाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेली. आणि तिसरा सदस्य कोण? सुरेश बोराडे! मी डोक्याला हात लावला. चोराच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या. शोभाताईनं मात्र शांतपणे अर्ज आवक टेबलावर दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि गोदामात गेली.

अर्धा तास गेला नसेल, केबिनमधून बोराडेच्या ओरडण्याचा असा आवाज! मग शेठ आले. शेठ म्हणजे वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या जगात प्रत्येक गोष्ट मिटवायची असते. हमालांची भांडणं मिटवायची, बियाणं उगवलं नाही म्हणून आलेला शेतकरी मिटवायचा. शेठनी दोघांना समोर बसवलं. बोराडेनं शेठजवळ आधीच "थोडं चुकलं माझं" म्हणून मान खाली घातलेली होती. शेठ म्हणाले, "शोभाबाई, कंपनी म्हणजे घर हाय. घरातलं उंबऱ्याच्या बाहेर कशाला न्यायचं? राखीपौर्णिमा आलीच आठ दिवसांवर. तुम्ही याला राखी बांधा, हा तुमच्या पाया पडंल. बहीण-भाऊ झालात की संपला विषय. लॅबमधी परत घेतो तुम्हाला."

ही आपल्याकडची तोडगा काढायची रीत. पोरीची छेड काढली, तर बांध राखी. शेजाऱ्यानं हात धरला, बांध राखी. एक दोरा गुंडाळला की सगळं गंगेला मिळालं! ऑफिसातले सगळे पुरुष माना डोलवत होते. वा, शेठ, काय मार्ग काढला. मला वाटलं, आता शोभाताई टेबल उलटं करणार.

ती म्हणाली, "बांधते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही, डबाही वेगळा खाल्ला. गणेश येऊन मुद्दाम मला ऐकवून गेला, "बघा मॅडम, आली का न्हाई बाई लायनीवर?" दुसऱ्या दिवशी मी चिडून शोभाताईला विचारलं, "ताई, तू त्याला भाऊ म्हणणार?" तर म्हणते, "सणासुदीला नवी साडी नेस. त्या दिवशी लवकर ये."

राखीपौर्णिमेला पॅकिंगच्या हॉलमध्ये मशीन बंद करून सगळ्यांना जमवलं. मधोमध पाट, भोवती रांगोळी. शेठ खुर्चीत. बोराडे पांढरा शर्ट घालून, डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसलेला, चेहरा असा की जणू याच्याइतका सज्जन परतूरपासून जाफराबादपर्यंत दुसरा नाही. गणेश मोबाईलवर शूटिंग करत होता. बायका गोण्यांवर बसलेल्या, खाली बघत.

शोभाताई ताट घेऊन आली. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. राखी हातात घेतली आणि थांबली. "भाऊ, ओवाळणी?"

बोराडेनं आधीच खिशात ठेवलेली पाचशेची नोट काढली.

"पैसे नको," ती म्हणाली. "आमच्या वाटूरला रीत हाय. बहीण तोंडानं मागती, अन भाऊ पाटावर बसून न्हाई म्हणत न्हाई."

शेठ खूश झाले. "बराबर हाय! मागा, बिलकुल मागा." सगळ्यांना वाटलं, पगारवाढ मागणार.

"म्या अर्जात लिहिलंय ते खरं हाय का खोटं, एवढं सांगा. खोटं असंल तर खोटं म्हणा, म्या राखी बांधते अन अर्ज फाडून टाकते."

बोराडेनं शेठकडं बघितलं. शेठजवळ तर त्यानं आधीच कबूल केलेलं, आता खोटं म्हणणार कसं? आणि शेठला वाटलं, हे माफीचंच चाललंय. ते म्हणाले, "अरे बोल ना सुरेश, बहिणीपुढं कसली लाज? झालं ते झालं म्हण अन मोकळा हो."

"खरं हाय," बोराडे पुटपुटला. "झालं माझ्याकडनं."

"काय झालं, भाऊ? दार लावलं का न्हाई?"

"...लावलं."

"हात धरला का न्हाई?"

"धरला. चुकलो मी."

"अन गोदामात काहून पाठवलं?"

"रागाच्या भरात पाठवलं. आता माफ कर ना बाई."

शेठनी टाळी वाजवली, तशा सगळ्यांनी वाजवल्या. शोभाताईनं राखी बांधली. पक्की, गाठीवर गाठ मारून बांधली. पेढा त्याच्या तोंडात घातला. तो वाकून पाया पडला. संध्याकाळी गणेशनं ते सगळं कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, खाली फुलं, दिवे आणि "आमची कंपनी, आमचे कुटुंब". गाढवानं मागचापुढचा काही विचार केला नाही. त्यांच्या दृष्टीनं राखी बांधली की विषय संपलेला, मग त्या आधी काय बोललं गेलं त्याला कोण विचारतंय! मीसुद्धा तो व्हिडिओ बघून दात-ओठ खाल्ले. मला तरी कुठं कळलं होतं?

दुसऱ्या दिवशी शेठनी तिच्यापुढं तक्रार मागं घेतल्याचा कागद ठेवला. ती म्हणाली, "राखीला काय बाँडपेपर लागतो का शेठ? सही नका मागू." आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून मला म्हणाली, "चल. कलेक्टर ऑफिसला जायचंय. कंपनीची समिती भिंतीवरच आसंल तर जिल्ह्याची आसती, तिथं अर्ज करता येतो. कोमलच्या कॉलेजातल्या मॅडमनं सांगितलंय." माझी ट्यूब तेव्हा पेटली. रिक्षात बसेपर्यंत मला इतकं हसू आलं की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला.

जिल्ह्याच्या समितीपुढं बोराडे वकिलासारखा तयारी करून आला होता. मी साक्षीला बाहेर बाकावर, मग आत. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. बोराडे हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी तर यांना बहीण मानतो. राखी बांधलीय यांनी मला. यांना कुणीतरी भडकवलंय."

शोभाताईनं पिशवीतून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हा व्हिडिओ यांच्याच माणसानं काढलाय अन यांच्याच ग्रुपवर टाकलाय. बघा." व्हिडिओ चालू झाला. दार लावलं का न्हाई, लावलं. हात धरला का न्हाई, धरला. मी बोराडेच्या तोंडाकडं बघत होते. रंग असा उतरत गेला की बस्स. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

"यांनी मला बहीण मानली ती राखी बांधल्यावर," शोभाताई म्हणाली. "त्याच्या आधी काय मानत होते, ते यांच्याच तोंडून आइका."

बोराडेनं अजून एक प्रयत्न केला. "मॅडम, हा समझोता झाला होता." अध्यक्षबाईंनी शोभाताईला विचारलं, "समझोता तुम्ही मागितला होता का?" "न्हाई मॅडम. म्या कारवाई मागितल्ती." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. व्हिडिओ बघून पॅकिंगमधल्या आणखी दोघींनी येऊन त्यानं त्यांच्याशी काय केलं ते सांगितलं. समितीचा अहवाल आला, शेठला बोलावणं गेलं, समिती नुसती भिंतीवर ठेवल्याबद्दल कंपनीला वेगळी तंबी मिळाली. घाबरलेल्या शेठनी बोराडेला काढलं.

त्याचा शेवटचा दिवस मी विसरणार नाही. शोभाताई सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत पुरणपोळ्या. अख्ख्या पॅकिंगला पुरतील एवढ्या. कोमल आणि ती पहाटेपासून लाटत होत्या. दुपारी हॉलमध्ये आम्ही सगळ्या पंगत मांडून बसलो, तूप वाढलं, आणि नेमका तेव्हाच बोराडे आपली पिशवी घेऊन बाजूनं निघाला. बाहेर जायला तोच रस्ता. शोभाताईनं हाक मारली, "भाऊ, जेवून जा! बहिणीच्या दारातून उपाशी जाऊ न्हाई!" पॅकिंगच्या बायका अशा हसल्या की छपरावरची कबुतरं उडाली. बोराडेनं मान वर केली नाही. पडलेल्याला हसू नये म्हणतात. मी हसले आणि दोन पोळ्या जास्तीच्या खाल्ल्या. त्या बायकांना त्यानं वर्षानुवर्षं मान खाली घालायला लावली होती, एक दिवस त्यानं घातली तर बिघडलं कुठं?

शोभाताई लॅबमध्ये परत आली. पण तिचं सगळं गोड झालं असं नाही. तिची पगारवाढ अडकली ती अडकलीच. पुरुष मंडळी तिच्यापासून चार हात लांब चालायची, मागं "जहरी बाई" म्हणायची. मी तिला सांगितलं तर म्हणते, "जहरी तर जहरी. औषधातबी जहर आसतं." नव्या मॅनेजरनं केबिनच्या दाराला खालून वीट लावून ठेवली, वाऱ्यानं चुकून लागायला नको म्हणून. बिचारा साधा माणूस होता, पण वीट काही त्यानं काढली नाही, आणि आम्हीही काढू दिली नसती.

पुढं माझ्या नवऱ्याची लातूरला बदली झाली आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन मी लॅबमध्ये गेले. शोभाताई ओल्या कागदावर कपाशीचं बी मांडत होती. मला बघून डोळे भरले तिचे, पण लगेच दरडावून म्हणाली, "रडलीस तर बघ. बस चुकंल तुझी." मी तिच्या पाया पडणार एवढ्यात नवा मॅनेजर मोबाईल हातात घेऊन आला.

"ताई, जाफराबादकडच्या एका कंपनीचा फोन हाय. बोराडेंनी तिथं अर्ज केलाय, मॅनेजरच्या जागेसाठी. माणूस कसा हाय विचारून राह्यले. मी तर नवा, मला काय माहीत? तुम्हीच बोला." त्यानं स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

शोभाताईनं हात पदराला पुसले.

"नमस्कार ताई," पलीकडून तिथल्या मालकाचा वयस्कर आवाज आला. "बोराडे कामाला कसे होते?"

"कामाला चांगला हाय," शोभाताई म्हणाली. "बियाणं वळखतो. हिशोबाला पक्का. घाईच्या दिवसांत रात्ररात्र थांबतो." मी तिच्याकडं बघतच राहिले. ही काय बोलून राह्यली?

"मंग घ्यायला हरकत न्हाई म्हणता?"

"तुमच्याकडं पॅकिंगला बायका हायेत का?"

"हायेत की. वीस-बावीस असतील."

"मंग त्यातल्या एखादीकडं फोन द्या."

"ते काहून?"

"तुमी मालक, तुमच्याशी तो चांगलाच वागंल. त्याच्या हाताखाली त्यांना काम करायचंय. त्यांना सांगते. मंग त्यांनी घ्या म्हणलं तर खुशाल घ्या."

मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. मग पावलांचा आवाज आला, मशीनची घरघर जवळ येत गेली, आणि एक कोवळा, बुजलेला आवाज म्हणाला, "हॅलो? कोण बोलतंय?"

शोभाताईनं स्पीकर बंद केला, स्टूल ओढून बसली आणि फोन कानाला लावला. "तुझं नाव काय, बाई? ...बरं. मालकाला म्हणावं मशीन बंद करा, अन सगळ्यांना जवळ बोलाव. जल्दी न्हाई, येऊ दे सगळ्यांना." बोलता बोलता तिनं मला हातानं खुणावलं, जा, बस चुकंल. मी दाराशी येऊन चप्पल घालायला लागले.

"हां, आल्या का सगळ्या?" मागून तिचा आवाज आला. "मंग आइका."